ग्राफीन घातलं, तरी प्लास्टिक गरमच का राहतं? : वाचकांचे प्रश्न

प्लास्टिकमधून उष्णता बाहेर कशी काढायची, आणि त्यासाठी ग्राफीन (कार्बनच्या अणूंच्या एकाच थराची षट्कोनी जाळी) घालून उपयोग होतो का, याबद्दल बरीच पत्रं आली. त्यातले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. उष्णतावाहकतेचा नुसता आकडा दिला असेल तिथे एकक वॉट प्रति मीटर केल्विन समजावं.

प्रश्न : एलईडी दिव्यांची मेटल कोअर पट्टी (धातूच्या पाठीची सर्किट पट्टी) ॲल्युमिनियमच्या बॉडीला चिकटवायला आम्ही इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून कडक होणारा गोंद) वापरतो. त्यात वजनाने ५ टक्के ग्राफीन घातलं. माहितीपत्रकात ग्राफीनची उष्णतावाहकता ५००० लिहिली आहे, म्हणून निदान ८-१० मिळेल असं वाटलं होतं. प्रयोगशाळेने ०.५ दिली. आमची फसवणूक झाली का? — लघुउद्योजक, भोसरी

पावडरचा दर्जा पुढच्या प्रश्नात येईलच. पण ती शंभर टक्के अस्सल असती तरी तुमचा आकडा फारसा हलला नसता. साध्या इपॉक्सीची वाहकता ०.२ च्या आसपास असते. ५ टक्क्यांत ती अडीच पट झाली, हे काम वाईट नाही.

५००० हा आकडा खरा आहे, पण तो कुठला ते माहितीपत्रकं सांगत नाहीत. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या प्रयोगशाळेत चरावर अधांतरी ताणलेल्या एकाच थराच्या ग्राफीनवर तो मोजला गेला. तोच थर सिलिकॉन डायऑक्साइडवर टेकवला की वाहकता ६०० च्या घरात येते, असं पुढे २०१० मध्ये दिसलं. ग्राफीनमध्ये उष्णता वाहते ती जाळीच्या कंपनांमधून, आणि शेजारच्या पदार्थाला चिकटलं की ती कंपनं दबतात. तुमच्या पावडरचा प्रत्येक कण तर चहूबाजूंनी रेझिनमध्ये बुडालेला आहे.

आता खरा हिशोब करू. टक्के वजनाचे धरू नका, आकारमानाचे धरा. ग्राफीन-ग्राफाइटची घनता २.२, इपॉक्सीची १.१५. म्हणजे वजनाने ५ टक्के हे आकारमानाने जेमतेम २.७ टक्के होतात. पावडरचे कण म्हणजे सपाट चकत्या. १० नॅनोमीटर जाडीच्या चकत्या एकावर एक नीट रचल्या असं मानलं, तरी दोन चकत्यांमध्ये साडेतीनशे नॅनोमीटर रेझिन उरतं. इथेच घोडं पेंड खातं. ०.२ वाहकतेच्या रेझिनचा अवघा १०० नॅनोमीटरचा थर उष्णतेला जेवढा अडवतो, तेवढा अडथळा १००० वाहकतेच्या चकतीत अर्धा मिलिमीटर प्रवास केल्यावर होतो. चकती स्वतः मात्र ५ ते २५ मायक्रॉन रुंद असते. त्यात चकती आणि रेझिन यांच्या सीमेवरचा अडथळा वेगळा. दोन पदार्थ एकमेकांना अगदी चिकटलेले असले तरी सीमेवर तापमानाची छोटी पायरी पडते; भौतिकशास्त्रज्ञ कापित्झा यांनी १९४१ मध्ये द्रवरूप हेलियममध्ये ती दाखवली. ग्राफीन आणि पॉलिमर (रेझिन, प्लास्टिक यांसारखे पदार्थ) यांच्यात एका सीमेचा अडथळा ढोबळमानाने १० मायक्रॉन ग्राफीनमधून जाण्याइतका असतो. थोडक्यात, एक सीमा ओलांडणं हे अख्खी चकती पार करण्याइतकं किंवा त्याहून महाग पडतं. म्हणून चकतीची वाहकता २००० आहे की ५०००, याने तुमच्या इपॉक्सीच्या थरात काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो किती चकत्या एकमेकींना खरोखर टेकल्या आहेत आणि त्या किती रुंद आहेत, यावर.

विजेचं गणित याहून वेगळं आहे, आणि बऱ्याच जणांचा गोंधळ तिथूनच होतो. १-२ टक्क्यांतच प्लास्टिक वीजवाहक झालं असं वाचलेलं असतं. ग्राफाइट आणि इपॉक्सी यांच्या वीजवाहकतेत पंधराहून जास्त शून्यांचा फरक आहे, त्यामुळे चकत्यांची साखळी जुळताच उडी दिसते. उष्णतेत हा फरक चारच शून्यांचा. साखळी अर्धवट असेल तर उष्णता रेझिनमधूनही गळते, त्यामुळे उडी येत नाही, आकडा हळूहळू चढतो. २००७ मध्ये रिव्हरसाइडमध्येच चार-पाच थरांच्या चकत्या इपॉक्सीत घालून ६.४४ वाहकता मिळवली होती. पण त्यासाठी आकारमानाने २५ टक्के, म्हणजे वजनाने जवळपास ४० टक्के भराव (मिसळलेली पावडर) लागला होता.

आता तुमच्या जोडाबद्दल. १० वॉटची पट्टी, चिकटवलेलं क्षेत्रफळ २० चौरस सेंटीमीटर, इपॉक्सीचा थर ०.१ मिमी असं धरा. साध्या इपॉक्सीने जोडावर तापमानाचा फरक २.५ अंश येतो, तुमच्या ०.५ च्या मिश्रणाने १ अंश. म्हणजे एवढा खटाटोप दीड अंशासाठी. तेच साधं इपॉक्सी क्लॅम्पने दाबून ०.०३ मिमी जाडीचं केलं तर फरक ०.७५ अंशावर येतो, ग्राफीनशिवाय. ग्राफीनने इपॉक्सी घट्ट होतं आणि थर पातळ दाबला जात नाही, हेही लक्षात घ्या. या कामाला क्लॅम्प बदला, पावडर नको.

प्रश्न : ग्राफीनचे भाव किलोमागे काही हजारांपासून काही लाखांपर्यंत सांगतात. विकत घेण्याआधी काय तपासावं? — रसायन व्यावसायिक, इचलकरंजी

नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा बाजार आहे. २०१८ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी जगभरातल्या ६० कंपन्यांच्या पावडरी तपासल्या. बहुतेक नमुन्यांत खरं ग्राफीन १० टक्क्यांहून कमी निघालं. बाकीचं बारीक ग्राफाइट. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे जास्तीत जास्त १० थरांपर्यंतच ग्राफीन म्हणतात.

तपासायच्या गोष्टी चार. पहिली, बीईटी पृष्ठफळ (वायू चिकटवून मोजलेलं, ग्रॅमभर पावडरचं एकूण क्षेत्रफळ). एकेरी थराचं पृष्ठफळ ग्रॅममागे २६३० चौरस मीटर असतं. मिळालेल्या आकड्याने २६३० ला भागा, सरासरी थर कळतात. १२० आलं तर साधारण २२ थर, जाडी सुमारे ७ नॅनोमीटर. ३० च्या खाली आलं तर तुम्ही ग्राफाइटच घेताय. दुसरी, रामन (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून जाळीतले दोष दाखवणारी चाचणी). डी आणि जी शिखरांच्या उंचीचं गुणोत्तर ०.२ च्या आत असेल तर जाळी शाबूत आहे. १ च्या आसपास असेल तर ती पावडर उष्णतेच्या कामाची नाही. तिसरी, नायट्रोजनमध्ये ६०० अंशांपर्यंत तापवून वजनातली घट. २ टक्क्यांच्या आत हवी. २०० अंशांच्या आसपास मोठी घट दिसली तर माल ग्राफीन ऑक्साइडचा आहे किंवा वरून काही रसायन चढवलं आहे. चौथी, हवेत ९०० अंशांना जाळून उरलेली राख. खनिज ग्राफाइटमधून आलेली सिलिका आणि माती यात पकडली जाते. ही तपासणी सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी वेळा केली जाते.

आमचं मत विचाराल तर उष्णतेसाठी २०-४० थरांच्या रुंद चकत्या एकेरी थरापेक्षा बऱ्या. आतले थर रेझिनपासून सुरक्षित राहतात, मिश्रण कमी घट्ट होतं, भाव कमी असतो. कित्येक कामांना तर एक्स्पांडेड (तापवून फुगवलेलं) ग्राफाइट किंवा मोठ्या चकत्यांचं नैसर्गिक ग्राफाइट पुरेसं होतं. ते आधी करून बघा आणि तिथे गाडी अडली तरच ग्राफीनकडे वळा.

प्रश्न : इपॉक्सीत १० टक्के ग्राफीन नॅनोप्लेटलेट (अनेक थरांच्या बारीक चकत्या) मिसळण्याची पद्धत प्रमाणासह द्यावी. आमच्या नमुन्यांत गुठळ्या आणि हवेचे बुडबुडे राहतात. — अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक, सांगली

आपल्याकडे सहज मिळणारं अराल्डाइट एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर धरू. रेझिन १०० ग्रॅम, हार्डनर १० ग्रॅम, प्लेटलेट १२.२ ग्रॅम. म्हणजे एकूण १२२.२ ग्रॅममध्ये १० टक्के भराव. हार्डनर फक्त रेझिनच्या वजनावर काढायचा. रेझिन आणि पावडर यांच्या बेरजेवर काढला की हार्डनरमधलं अमाइन जास्त होतं आणि नमुना चिकट किंवा ठिसूळ निघतो. विद्यार्थ्यांच्या हातून ही चूक हमखास होते.

पावडर ११० अंशांना ४ तास ओव्हनमध्ये सुकवा. एवढ्या पृष्ठफळावर ओल भरपूर बसते. रेझिन ६० अंशांपर्यंत कोमट करा म्हणजे ते पातळ होतं. पावडर तीन-चार हप्त्यांत घाला, मंद गतीच्या स्टररने, झाकण ठेवून. एकदम घातली तर वरच्या वर तरंगते आणि हवा आत ओढते. सगळी पावडर ओली झाली की मिश्रण श्रीखंडासारखं घट्ट दिसेल. इथवर फक्त भिजवणं झालं, गुठळ्या अजून आत आहेतच.

गुठळ्या फोडायला थ्री रोल मिल (तीन रोलमध्ये मिश्रण रगडणारं यंत्र) घ्या. रोलमधलं अंतर पहिल्या फेरीला ९० आणि ३० मायक्रॉन, दुसऱ्या फेरीला ६० आणि २०, तिसऱ्या व चौथ्या फेरीला ३० आणि १०. रोलमधून पाणी फिरवून त्यांचं तापमान २५-३० अंशांवर ठेवा. रोल तापले तर रेझिन पातळ होतं आणि गुठळ्यांवर जोरच बसत नाही. पट्टीने खरवडण्याआधी शेवटच्या रोलवरचा थर उजेडात तिरका बघा. त्यात चमकणारे टणक ठिपके दिसले तर आणखी एक फेरी. हेगमन गेजवर (खोली कमी होत जाणारी खाच असलेल्या पट्टीवर) मिश्रण ओढलं की खाचेत ठिपके कुठल्या खोलीला सुरू होतात ते कळतं; चकत्यांच्या रुंदीपेक्षा बऱ्याच आधी सुरू झाले तर त्या गुठळ्या. अंतर ५ मायक्रॉनपर्यंत नेण्याचा मोह टाळा. मिश्रण दिसायला सुरेख होतं, पण चकत्या तुटतात. चकत्या तुटल्या की सीमा वाढतात आणि वाहकता उतरते. प्रोब सॉनिकेटर (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र) तासन्‌तास चालवण्याचा परिणामही हाच. वीजवाहकतेसाठी किंवा ताकदीसाठी लिहिलेल्या कृती उष्णतेसाठी जशाच्या तशा उचलू नयेत, त्या याच कारणाने.

बरेच जण मिल नाही म्हणून ॲसिटोनमध्ये पावडर कालवून रेझिनमध्ये घालतात. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, पण घट्ट मिश्रणातून ते पूर्ण निघता निघत नाही. उरलेलं ॲसिटोन क्युअरिंगच्या (इपॉक्सी कडक होण्याच्या) वेळी बुडबुडे करतं आणि इपॉक्सी मऊ ठेवतं. करायचंच असेल तर ६०-७० अंशांना व्हॅक्यूममध्ये ठेवून भांड्याचं वजन स्थिर होईपर्यंत थांबा. ‘वास येत नाही’ ही कसोटी धरू नका.

मिलनंतर हवा काढायची. ६० अंशांना, चांगल्या व्हॅक्यूममध्ये, २०-३० मिनिटं. भांडं मिश्रणाच्या चौपट मोठं घ्या, कारण ते फुगून वर येतं. मग ३० अंशांच्या खाली थंड करून हार्डनर घाला आणि उलथण्याने घडी घालत ३-४ मिनिटं मिसळा, फेटू नका. दुसरं व्हॅक्यूम ५ मिनिटांपेक्षा जास्त नको, हार्डनर उडून प्रमाण बिघडतं. १०० ग्रॅमच्या घाण्याला अर्ध्या तासाच्या आसपासच वेळ मिळतो, एप्रिल-मेमध्ये त्याहून कमी. उन्हाळ्यात ५० ग्रॅमचे घाणे करा आणि मिश्रण खोल पेल्यात ठेवण्याऐवजी पसरट ताटलीत ठेवा. साचा ४० अंशांना कोमट करून भरा, २४ तास खोलीच्या तापमानाला राहू द्या, मग ८० अंशांना २-३ तास.

बुडबुडे राहिले की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, काळ्या नमुन्यात ते दिसत नाहीत. घनता मोजा. वरच्या प्रमाणाची हिशोबाची घनता १.२०७ येते. नमुना हवेत आणि पाण्यात तोलून १.१७ मिळाली, तर ३ टक्के पोकळी आहे. हवेची वाहकता ०.०२६ आहे, रेझिनच्याही आठव्या हिश्शाच्या आसपास. आणि बुडबुडे नेमके चकत्यांच्या बेचक्यांत अडकतात. १ टक्क्याच्या वर पोकळी असलेला नमुना प्रयोगशाळेत पाठवून पैसे वाया घालवू नका.

प्रश्न : ग्राफीन ऑक्साइड पॉलिमरमध्ये छान मिसळतं. मग वाहकतेसाठी तेच वापरावं का? आणि सिलेन (पावडर आणि पॉलिमर यांना जोडणारं रसायन) लावल्याने सीमेवरचा अडथळा कमी होतो का? — एम.ई. विद्यार्थिनी, कोल्हापूर

ऑक्साइड मिसळतं छान, कारण त्याच्यावर ऑक्सिजनचे गट असतात. पण ते गट बसवताना कार्बनची षट्कोनी जाळी फाटलेली असते, आणि उष्णता त्या जाळीतूनच जाते. १००० अंशांना तापवून ऑक्सिजन बराचसा निघतो, जाळी मात्र पुरती सांधली जात नाही. त्यासाठी २८०० अंशांच्या आसपासचं ग्राफायटीकरण लागतं. प्रकल्पाचा विषय वाहकता असेल तर ऑक्साइडपासून सुरुवात करू नका.

सिलेन पकडतो तो पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांना. ॲल्युमिना आणि काच यांच्यावर ते मुबलक असतात, म्हणून तिथे त्याचा उपयोग होतो. चांगल्या ग्राफीनच्या सपाट पृष्ठभागावर ते जवळपास नसतातच, असले तर कडांना. त्यामुळे शोधनिबंधात सिलेनने फायदा झालेला दिसला तर पावडर ऑक्साइडची होती का ते आधी बघा. जाळी न फाडता सीमा सुधारायची असेल तर पायरीनचं (सपाट कार्बन-कड्यांचं) डोकं असलेले रेणू सपाट पृष्ठभागाला नुसते चिकटून बसतात. पॉलिप्रोपिलीनमध्ये मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रोपिलीन २-५ टक्के घालतात. या उपायांनी थोडा फरक पडतो; मोठा फरक भरावाचं प्रमाण आणि चकत्यांची रुंदी यांनीच पडतो.

प्रश्न : एलईडी दिव्याचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा भाग) बदलून नायलॉन ६ मध्ये ग्राफीन घालून मोल्ड करायचा आहे. किती वाहकता हवी? हॉपरमध्ये (मशीनच्या वरच्या नरसाळ्यात) पावडर अडकते, त्यावर उपाय काय? — इंजेक्शन मोल्डिंग व्यावसायिक, वाळूज

वाहकता २०० हवी असं समजून बसलात तर हा प्रकल्प आजच बंद करावा लागेल. सुदैवाने तेवढी लागत नाही. पंख्याशिवायच्या दिव्यात हवा उष्णता उचलते ती मंदगतीने. किरणोत्सर्ग धरून चौरस मीटरला अंशामागे १० वॉटच्या आसपास. अडथळा बहुतेक तिथेच आहे. २ मिमी जाड, ३० मिमी उंच फिन (हीटसिंकची पातळ पाकळी) घ्या आणि फिन कार्यक्षमतेचं नेहमीचं सूत्र लावा. साध्या प्लास्टिकची फिन, वाहकता ०.२, कार्यक्षमता १५ टक्के. वाहकता १ केली की ३३ टक्के, ५ केली की ६५, १० केली की ७८. ॲल्युमिनियमची २०० धरली तर ९८. म्हणजे ०.२ वरून ५ वर जाण्यात जे मिळतं, त्यापुढे पैसा ओतून फार हाती लागत नाही. फिन ३० ऐवजी २० मिमी उंच ठेवून संख्या वाढवली तर ५ चं प्लास्टिकही पुरून उरेल. पंखा लावलेल्या हीटसिंकला हे गणित लागू नाही.

पण हा ५ कुठल्या दिशेचा? साच्यात वितळलेलं नायलॉन वाहताना भिंतीजवळच्या चकत्या प्रवाहाच्या दिशेने आडव्या पडतात. वजनाने ३०-४० टक्के ग्राफाइट असलेल्या नायलॉनमध्ये प्रवाहाच्या दिशेला जे मिळतं, त्याच्या तिसरा-चौथा हिस्साच जाडीच्या दिशेने मिळतो. फिनमध्ये ही रचना तुमच्या बाजूची आहे, कारण उष्णता फिनच्या उंचीच्या दिशेने जाते. एलईडीखालच्या तळपट्टीत मात्र उष्णता जाडीतून जायला हवी, आणि तिथे चकत्या आडव्या पडलेल्या. यावर ग्राफीन वाढवण्यापेक्षा तळात १.५-२ मिमी ॲल्युमिनियमची चकती इन्सर्ट म्हणून ठेवून वर मोल्ड करणं स्वस्त आणि खात्रीचं. ती उष्णता आडवी पसरवते, प्लास्टिक ती हवेला देतं. गेट (साच्यात प्लास्टिक शिरण्याचं तोंड) तळाच्या मध्यावर ठेवा म्हणजे फिन मुळापासून टोकाकडे भरतात. दोन प्रवाह भेटतात ती वेल्ड लाइन एलईडीच्या खाली किंवा स्क्रूच्या भोकाजवळ येऊ देऊ नका. चकत्या तिथे सांध्याला समांतर उभ्या राहतात, ताकद आणि वाहकता दोन्ही पडतात.

हॉपरचं दुखणं पावडरच्या हलकेपणाचं आहे. लिटरभर प्लेटलेट ५०-१०० ग्रॅमच भरतात, त्यामुळे घशात कमान धरते आणि दाणे मात्र निघून जातात. मोल्डिंग मशीनमध्ये पावडर थेट टाकूच नका. ट्विन स्क्रूवर (दोन स्क्रूच्या मिसळयंत्रावर) कंपाउंड करून घ्या: नायलॉन मुख्य हॉपरमधून, वितळल्यावर पुढच्या झोनमध्ये साइड फीडरमधून पावडर, त्यानंतर थोडेच नीडिंग ब्लॉक (स्क्रूवरचे रगडणारे भाग), शेवटी व्हॅक्यूम व्हेंट. झोनचं तापमान २४०-२६०. नीडिंग ब्लॉक जास्त लावले की चकत्या तुटतात. कंपाउंडरला हे स्पष्ट सांगा, कारण त्यांची सवय रंगाच्या मास्टरबॅचची (दाट मिश्रणाच्या दाण्यांची) असते आणि तिथे जितकं रगडाल तितकं चांगलं. ४० टक्क्यांचा मास्टरबॅच आणला तर १५ टक्क्यांच्या मालासाठी १०० किलोत ३७.५ किलो मास्टरबॅच आणि ६२.५ किलो नायलॉन. मोल्डिंगआधी डीह्युमिडिफाइंग ड्रायरमध्ये ८० अंशांना ४-६ तास. साचा ८०-९० अंशांवर ठेवा. माल उष्णतावाहक झाल्यामुळे साच्यात फार लवकर गोठतो आणि पातळ फिन अर्धवट राहतात. इंजेक्शनचा वेग वाढवा, १.५ मिमीपेक्षा पातळ फिन आखू नका. दिवा पडल्यावर फुटेल की नाही याची चाचणी नव्याने करा. एवढ्या भरावाने नायलॉनचा चिवटपणा बराच जातो.

प्रश्न : बॅटरीच्या सेलभोवती किंवा पीसीबीवर (सर्किटच्या पट्टीवर) ओतायच्या पॉटिंगमध्ये (ओतून कडक होऊ द्यायच्या मिश्रणात) ग्राफीन चालेल का? — विद्युत वाहन सुटे भाग पुरवठादार, चाकण

नाही. वाहकता जाणवण्याइतकं घातलं की मिश्रण वीजवाहक होतं, त्याहून कमी घातलं तर पैसे वाया आणि इन्सुलेशनची सहनशक्ती तरीही घटलेली. ॲल्युमिना वापरा. गोलाकार कण, ४५ आणि ५ मायक्रॉनचे ७० ला ३० अशा प्रमाणात, म्हणजे बारीक कण मोठ्यांच्या फटीत बसतात आणि मिश्रण ओतण्याजोगं राहतं. आकारमानाने ६० टक्के भराव म्हणजे वजनाने जवळपास ८४ टक्के. त्यात दीड ते अडीचपर्यंत वाहकता मिळू शकते. ॲल्युमिना तळाशी बसतो, म्हणून डबा वापरण्याआधी पूर्ण ढवळायचा, आणि तो इतका टणक आहे की डिस्पेन्सिंग पंप खातो. वजन हलकं हवं असेल तर बोरॉन नायट्राइड. मऊ, इन्सुलेटर, पण महाग. ॲल्युमिनियम नायट्राइडचा आकडा पाहून भुलू नका: ओल लागली की त्यातून अमोनिया सुटतो. आवरण चढवलेला ग्रेड नसेल तर आपल्या पावसाळ्यात त्याचं गोदाम सांभाळणं अवघड.

प्रश्न : एकाच प्लेटचे नमुने दोन प्रयोगशाळांना दिले. एकीने ३.४, दुसरीने ०.९ दिली. कोणाचं खरं? — संशोधन विभाग, सातपूर

बहुधा दोघींचंही. आधी दोन्ही अहवालांवर मोजमापाची दिशा लिहिली आहे का ते बघा. चकत्या आडव्या पडलेल्या प्लेटमध्ये पृष्ठाला समांतर ३.४ आणि जाडीतून ०.९ असणं अगदी शक्य आहे. लेझर फ्लॅशमध्ये १२.७ मिमी व्यासाच्या, १-२ मिमी जाड चकतीच्या एका बाजूवर झोत मारून दुसऱ्या बाजूचं तापमान पाहतात. ती जाडीची दिशा. हॉट डिस्कमध्ये (नमुन्याला तापणारी चकती लावून मोजतात) साध्या पद्धतीने दोन्ही दिशांचं मिश्रण येतं. दिशा वेगळ्या करायच्या तर तसं सांगावं लागतं आणि विशिष्ट उष्मा आधीच मोजून द्यावा लागतो.

दिशा एकच असूनही फरक आला तर गुणाकार तपासा. लेझर फ्लॅश वाहकता थेट मोजत नाही. ते उष्णतेच्या प्रसाराचा वेग मोजतं, त्याला घनता आणि विशिष्ट उष्मा यांनी गुणलं की वाहकता येते. उदाहरण घ्या: प्रसार ०.६२ चौरस मिमी प्रति सेकंद, घनता १.२०७, विशिष्ट उष्मा ग्रॅममागे १.१५ ज्यूल, वाहकता ०.८६. विशिष्ट उष्मा तुमच्या नमुन्याचा मोजला की पुस्तकातला शुद्ध इपॉक्सीचा घेतला, एवढं विचारा. १५-२० टक्क्यांची चूक तिथेच सापडते. चिकटपट्टी किंवा ग्रीस यांसारख्या पातळ थराचं मोजमाप असेल तर तीन-चार वेगवेगळ्या जाडीचे नमुने द्या. अडथळा आणि जाडी यांच्या आलेखाचा उतार पदार्थाची वाहकता सांगतो, आणि रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा दोन पृष्ठांच्या स्पर्शाचा अडथळा. एकाच जाडीवर दिलेला आकडा या दोन्हींची खिचडी असतो.

प्रश्न : पावडर हाताळताना कोणती काळजी घ्यावी? — कामगार, अंबड

पावडर तोलताना पंखा बंद, एफएफपी२ किंवा एन ९५ च्या तोडीचा मास्क, हातमोजे, बंद गॉगल. पिशवी कात्रीने कापून भांड्याच्या तळाशी टेकवून रिकामी करा, वरून ओतू नका. प्राण्यांवरच्या प्रयोगांत बारीक चकत्यांनी फुप्फुसाला सूज आल्याचं दिसलं आहे, त्यामुळे काजळीच आहे म्हणून दुर्लक्ष नको. एकदा रेझिनमध्ये भिजली की धोका खूप कमी होतो; पण घट्ट झालेला माल घासताना किंवा कापताना तो परत सुरू होतो, तिथे ओलं घासा.

यंत्रांनाही जपा. ही धूळ वीजवाहक आहे. कंट्रोल पॅनेलच्या पंख्यातून आत गेली की कार्डं शॉर्ट होतात, आणि कारण सापडायला महिने लागतात. तोलण्याची जागा पॅनेलपासून वेगळ्या खोलीत करा, पॅनेलच्या पंख्याला फिल्टर लावा. सांडलेली पावडर झाडूने ओढायची नाही, कॉम्प्रेसरच्या हवेने तर मुळीच उडवायची नाही. ओल्या फडक्याने टिपा किंवा हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूम क्लीनरने उचला. साध्या क्लीनरच्या पिशवीतून ती परत खोलीत येते आणि जाता जाता त्याची मोटरही जाळते.